पहिली शाल

रुपचंद नारखेडेच्या पीएच.डी.ला तीन गुरू होते, आणि त्या तिघांना एका दावणीला बांधून ठेवणं हेच त्याचं खरं संशोधन होतं. जाडजूड प्रबंध लिहिणं वगैरे त्या मानानं सोपं. प्रबंध रुसत नाही, त्याला कुणी आधी चहा दिला आणि कुणी नंतर, हे तो लक्षात ठेवत नाही.

विषय असा होता: व्यापाऱ्यानं आपले हिशेब वहीत न लिहिता संगणकात ठेवले, तर त्या यंत्रातून निघालेला कागद कोर्टानं पुरावा म्हणून धरावा की नाही. आज हे ऐकून कुणी हसेल. पण ब्याण्णव-त्र्याण्णव सालच्या जळगावात संगणक ही काचेच्या थंडगार खोलीत, चपला बाहेर काढून बघायची वस्तू होती. एका डाळमिलच्या मोतीलाल शेठनं तो हौसेनं आणला आणि रोजमेळ लिहिणं बंद करून टाकलं. पुढे बोदवडच्या एका व्यापाऱ्यानं सौदा नाकारला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि शेठच्या वकिलानं कडेला भोकं असलेला लांबलचक कागद न्यायाधीशांपुढे ठेवला. हे कुणी लिहिलं, असं न्यायाधीशांनी विचारलं. यंत्रानं, असं वकील म्हणाला. मग त्या यंत्रालाच शपथेवर उभं करा, असं समोरचा वकील म्हणाला आणि सगळं कोर्ट खो खो हसलं. शेठ हरले.

मागच्या बाकावर बसलेला रुपचंद तेवढा हसला नाही. तो तेव्हा शेठच्याच मिलमध्ये हिशेब बघायचा, एम.कॉम. झालेला होता आणि संध्याकाळच्या वर्गांना जाऊन वकिलीची परीक्षाही देऊन बसला होता. त्याच्या मनात आलं, की उद्या सगळेच व्यापारी यंत्र घेतील, आणि त्या दिवशी कायद्याकडे उत्तर नसेल. ते उत्तर आपण शोधावं. असोद्याच्या केळीच्या बागेत वाढलेल्या माणसाला असा विचार सुचणं ही चांगली गोष्ट, आणि तो सुचल्यावर गप्प न बसणं ही वाईट.

कारण विषय घेऊन तो जिथे गेला तिथून त्याला दुसरीकडे पाठवलं गेलं. वाणिज्यवाले म्हणाले, हा कायदा आहे. कायदेवाले म्हणाले, हे यंत्राचं काम आहे. इंजिनिअरिंगवाल्यांनी तर त्याला बसायलाही सांगितलं नाही. विद्यापीठ नवं होतं, जळगावातच होतं, पण नव्या घरातल्या खोल्यासुद्धा जुन्याच पद्धतीनं वाटलेल्या होत्या. अर्ज परत देताना कारकून म्हणाला, "साहेब, एक ना धड भाराभर चिंध्या. एक काहीतरी धरा ना."

शेवटी त्याला धरलं डॉ. अमृतकरांनी. ते वाणिज्याचे प्राध्यापक, विद्यापीठाचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक, पन्नाशीच्या अलीकडचे, कडक इस्त्रीचे. त्यांनी विषय दोनदा वाचला आणि म्हणाले, "तीन तिगाडा काम बिगाडा म्हणतात. पण तुमच्यात दम दिसतो." समितीत त्यांनी या विषयासाठी भांडण केलं, सहकाऱ्यांचे टोमणे खाल्ले. अट एकच घातली, की कायद्याची बाजू बघायला एक जाणता माणूस आणि यंत्राची बाजू बघायला एक माणूस रुपचंदनं स्वतः शोधावा. हे सगळं आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे अमृतकर सरांना राक्षस समजण्याची घाई कुणी करणार नाही.

कायद्यासाठी धुळ्याचे देवरे सर मिळाले. सत्तरीला टेकलेले, निवृत्त, हातात काठी आणि तोंडात सतत कुठलं तरी कलम. यंत्रासाठी युसूफ पिंजारी मिळाला. तो तंत्रनिकेतनात शिकवायचा, वयानं रुपचंदपेक्षाही लहान, हसरा. रुपचंद आता धुळ्याच्या एका कॉलेजात तासिकांवर शिकवत होता आणि बायकोला घेऊन तिथेच राहत होता. तो आठवड्यातून एकदा एस.टी.नं पारोळा-एरंडोल करत जळगावला जायचा, अमृतकर सरांच्या लाल पेन्सिलीच्या खुणा घेऊन यायचा, त्या देवरे सरांना दाखवायचा, आणि देवरे सर त्या खोडून काढायचे. त्याची बायको पुष्पा म्हणायची, "मला एक सासू आहे. तुम्हाला तीन."

त्यातही त्याला सुख होतं, हे सांगायला हवं. हा विषय त्याला मनापासून आवडायचा. रोजमेळ लिहिणाऱ्या मुनीमाच्या अक्षरावर कोर्ट विश्वास का ठेवतं आणि यंत्राच्या अक्षरावर का नाही, हे तो पुष्पाला जेवताना समजावून सांगायचा, आणि भाजी गार व्हायची. असे दिवस, अशी वर्षं गेली. अठ्ठ्याण्णव उजाडायला आलं तेव्हा प्रबंध टाइप होऊन तयार होता. आता हवी होती फक्त अमृतकर सरांची सही. नोंदणीला एकदा मुदतवाढ घेऊन झाली होती, दुसरी मिळणार नव्हती. आणि कॉलेजनं स्पष्ट सांगितलं होतं, की पीएच.डी. झाली तर जूनपासून कायम करू, नाही तर त्या जागेवर दुसरा माणूस बघू.

अमृतकर सर म्हणाले, "प्रबंध चांगला झालाय. शेवटचं प्रकरण एकदा नजरेखालून घालतो, मग सही." आणि खुशीत येऊन पुढे म्हणाले, "आणि नारखेडे, असोद्याच्या वांग्यांचं भरीत कधी?"

इथे माशी शिंकली. म्हणजे शिंकायची होती. त्या वेळी मात्र रुपचंदला आभाळ ठेंगणं झालं.

थंडीत आमच्याकडे भरताची पार्टी करतात. ती घरात होत नाही, शेतात होते. हिरवट पांढरी, हाताच्या पंज्यात न मावणारी वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर भाजायची, सोलायची, लाकडी बडगीत मिरची-लसणासोबत कुटायची आणि केळीच्या पानावर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांबरोबर वाढायची. ज्यांना मान द्यायचा त्यांना जेवणाआधी शाल, नारळ आणि टोपी द्यायची. रुपचंदनं ठरवलं, की तिन्ही गुरूंना एकत्रच बोलवायचं. एकाला वेगळं बोलावलं तर दुसऱ्याच्या कानावर जाईल आणि मग ते निस्तरत बसावं लागेल.

आदल्या दिवशी त्यानं वडिलांना नीट सांगितलं. वडील म्हणजे चुडामण आबा. असोद्यात त्यांच्या शब्दाला वजन होतं, पण चार यत्तांच्या पलीकडे शाळा पाहिलेली नव्हती. "आबा, पहिली शाल अमृतकर सरांना. त्यांच्या सहीवर सगळं आहे. मग देवरे सर, मग युसूफ." आबांनी मान हलवली. त्यांनी नावं पुन्हा म्हणूनही दाखवली, अमृतकर, देवरे, पिंजारी, आणि ती बरोबर म्हटली.

दुपार छान झाली. युसूफ धोतराचा काचा मारावा तशी पँट वर दुमडून वांगी सोलायला बसला. अमृतकर सर बागेत फिरून आले आणि केळीच्या घडांबद्दल जाणत्यासारखं बोलले. देवरे सरांना बांधावरून चालताना त्रास झाला, त्यांना आबांनी हाताला धरून आणलं आणि खाटेवर बसवलं. मग पुढे ताटात शाली, टोप्या, नारळ आले. आजूबाजूचे चार शेजारी, भाऊबंद उभे राहिले. आबांनी पहिली शाल उचलली.

अमृतकर सर थोडे पुढे सरकले होते. शर्टाची बाही त्यांनी सारखी केली. आबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग खाटेवरून काठी टेकत उठू बघणाऱ्या देवरे सरांकडे पाहिलं. आणि ते देवरे सरांकडे गेले. शाल त्यांच्या खांद्यावर घातली, टोपी चढवली, नारळ हातात दिला आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवून मोठ्यानं म्हणाले, "बाप्पा, माह्या पोराले तुम्ही घडवलं."

टाळ्या वाजल्या. पुढे दुसरी शाल अमृतकर सरांना, तिसरी युसूफला. अमृतकर सर हसले. भरीत दोनदा मागून घेतलं, पुरीची तारीफ केली, जाताना पिशवीभर वांगीही नेली. ज्याला काही कळत नाही त्याला वाटलं असतं, की पाहुणे खूश होऊन गेले.

संध्याकाळी रुपचंदनं विचारलं, "आबा, मी काय सांगितलं होतं?"

आबा राख सारखी करत होते. म्हणाले, "समदं ध्यानात व्हतं रे. पन म्हताऱ्या मानसाले बसवून ठेवू, न् त्याच्यापुढं तरन्याले शाल घालू? माह्या हातून नही होनार ते."

असोद्यात वयानं मोठा तो मानानं मोठा. लग्नात, पंगतीत, मयतीत, सगळीकडे. आबांनी जन्मभर तेच केलं होतं आणि त्यांचे हात तेवढंच शिकले होते. विद्यापीठात मोठेपणाचा दुसरा हिशेब असतो, हे त्यांना ठाऊक झालं होतं, पण पटलं नव्हतं. रुपचंदला त्यांचा राग आला आणि रागाची लाजही वाटली. मनाची समजूत घालत तो धुळ्याला गेला. एवढा शिकलेला माणूस एका शालीवर काय जाणार, असं तो पुष्पाला म्हणाला.

पुढच्या खेपेला अमृतकर सरांनी शेवटचं प्रकरण परत दिलं. लाल पेन्सिलीची एकही खूण नव्हती. ते म्हणाले, "नारखेडे, मी पुन्हा सगळं वाचलं. यात वाणिज्य कुठे आहे? निम्म्याहून जास्त प्रकरणं पुराव्याच्या कायद्यावर. देवरे सरांचा हात सगळीकडे दिसतो. मला यात माझं काही दिसत नाही."

"सर, प्रकरणांची मांडणी तुम्हीच ठरवून दिली होती."

"असेल. पण आता वाचताना तसं वाटतं."

रुपचंदनं दोन प्रकरणं पुन्हा लिहिली. व्यापाऱ्यांच्या मुलाखती वाढवल्या, डाळमिल, जिनिंग, केळीचे दलाल, सगळ्यांचे व्यवहार पुढे आणले, कलमं मागे ढकलली. रात्रंदिवस डोळे फोडले. सरांनी ते घेतलं आणि पाहतो म्हणाले. मग परीक्षेच्या कामात होते. मग पुण्याला होते. मग घरी होते, पण झोपले होते. रुपचंद दाराशी उभा राहायचा, सरांच्या पत्नी त्याला पाणी द्यायच्या आणि बिचाऱ्या स्वतःच ओशाळायच्या. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता, पण भांडं दाखवायचं कसं तेही त्याला कळत नव्हतं. राग शालीचा आहे हे दोघांनाही माहीत होतं, आणि बोलणं चाललं होतं वाणिज्याचं.

न राहवून त्यानं देवरे सरांना सांगितलं. सांगायला नको होतं. देवरे सर जुन्या वळणाचे, सरळ बोलणारे. त्यांनी तडक अमृतकरांना फोन लावला आणि रुपचंदसमोरच म्हणाले, "अहो, एवढ्याशा शालीवरून पोराचं आयुष्य काय अडवून धरता? माझी शाल पाठवून देऊ का तुमच्याकडे?" पलीकडून काय उत्तर आलं ते रुपचंदला ऐकू आलं नाही. देवरे सरांनी फोन ठेवला आणि ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. दुखणं झाकलेलं होतं तोवर ते आपोआप बरं होण्याची आशा होती. आता त्याचं नाव घेतलं गेलं होतं. आता अमृतकर सरांना सही करणं म्हणजे शालीसाठी अडलो होतो असं कबूल करणं होतं.

युसूफनं त्याला एकदा सरळ विचारलं, "भाऊ, दुसरा गाइड करता येत नाही का?" रुपचंद तेही करून आला होता. कायद्याच्या बाजूला देवरे सर मान्यताप्राप्त नव्हते, निवृत्त झाले होते. दुसऱ्या कुणाला यंत्राचं नाव ऐकूनच नको वाटायचं. तीन दारांचं घर त्यानं मोठ्या हौसेनं बांधलं होतं, आणि आता तिन्ही दारांना बाहेरून कडी होती. मुदतीचा महिना तोंडावर आला. कॉलेजच्या प्राचार्यांनी, पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात तुमचं नाव धरायचं का, असं विचारलं. रुपचंदला झोप लागेना. वर्गात शिकवता शिकवता तो मध्येच थांबायचा, आणि पोरं एकमेकांकडे बघायची.

एका रविवारी तो असोद्याला गेला आणि आबांपुढे बसला. मग म्हणाला, "आबा, तुम्ही एकदा सरांकडे चला. तुमच्या हातानं त्यांना शाल द्या. चुकलं म्हणा."

आई, कमलबाई, चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "त्याईचं काय चुकलं रे?"

"काहीच नाही, माय. पण म्हणावं लागेल."

आबा जागचे हलले नाहीत. उंबऱ्याबाहेर नजर लावून म्हणाले, "म्हटल्यानं तुहं काम होईन?"

"होईल," रुपचंद म्हणाला. त्याला खात्री नव्हती. पण आबांना न्यायचं तर असंच म्हणावं लागणार होतं, आणि तो म्हणाला.

जळगावला उतरल्यावर आबांनी स्वतः दुकानात जाऊन शाल निवडली, पार्टीतल्यापेक्षा भारी, किनारीची. सर रिंगरोडच्या आतल्या कॉलनीत राहायचे. पुढे छोटा व्हरांडा, त्यात वेताच्या खुर्च्या. सर बाहेर आले, या म्हणाले, पत्नींनी पाणी आणलं. सर अगदी नेहमीसारखे होते. आबांची तब्येत विचारली, यंदा कपाशीला बोंडअळी कितपत होती ते विचारलं. आबा खुर्चीवर बसलेच नाहीत. उभ्यानं पिशवीतून शाल काढली.

"सर, त्या दिशी माह्याकडून चुकलं. मी अडानी मानूस. मोठं कोन, ल्हानं कोन, मले समजलं नही. पोराचा राग धरू नका."

"अहो आबा, हे काय भलतंच," सर म्हणाले. पण ते उठून उभे राहिले. आबांनी शाल त्यांच्या खांद्यावर घातली, नारळ हातात दिला. मग ते वाकले. गुडघे त्यांना पूर्वीसारखे साथ देत नव्हते, एक हात खुर्चीला टेकवून ते खाली गेले आणि त्यांनी आपल्याहून दहा-बारा वर्षांनी लहान माणसाच्या पायावर डोकं ठेवलं. पागोटं सरांच्या चपलेला लागलं.

रुपचंद दोन हातांच्या अंतरावर उभा होता. पुढे होऊन आबांना खांद्याला धरून उठवावं, असं त्याच्या मनात आलं. ते मनात आलं, पण तो हलला नाही. त्याची नजर सरांच्या चेहऱ्यावर होती. तिथे काही मऊ पडतंय का, ते तो बघत होता. सरांनी पाय मागे घेतले नाहीत.

चहा आला. सर शाल तशीच खांद्यावर ठेवून चहा प्याले. कप खाली ठेवल्यावर त्यांनी ती काढली, नीट घडी घातली, शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि म्हणाले, "बरं झालं तुम्ही दोघं आलात. नारखेडे, तुम्हाला सांगायचं होतंच. मागच्याच आठवड्यात मी विद्यापीठाला कळवलंय. मार्गदर्शक म्हणून माझं नाव काढून घेतलंय. विषय माझ्या कक्षेत बसत नाही. मनात काही नाही हो माझ्या, पण जे खरं ते खरं."

रुपचंदनं विचारलं, "सर, आता मागे घेता येणार नाही?"

"आता कसं घेणार? हसतील लोक." सर खालीच बघत बोलले. कदाचित त्यांनाही ते आठवडाभर आधी कळवल्याचं वाईट वाटत असेल. वाटत असलं तरी त्याचा आता कुणाला उपयोग नव्हता. ते फाटकापर्यंत पोहोचवायला आले आणि पुन्हा या म्हणाले.

असोद्याची बस लागायला वेळ होता. स्टँडवर ऊन तापलं होतं. आबा एका खांबाला टेकून बसले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं. रुपचंदनं त्यांच्यासाठी पाणी आणलं. ते प्याले. त्यांना सगळं समजलं होतं, समजायला काही शिल्लक नव्हतं. त्यांनी सरांना शिवी दिली नाही, पोरालाही बोल लावला नाही. एवढंच विचारलं.

"त्यानं आधीच कागद धाडेल व्हता. तुले माहीत नव्हतं, ते खरं. पन मी वाकत व्हतो तवा तू तिथीच उभा व्हता. मले धरलं कायले नही?"

रुपचंदला खोटं सांगता आलं असतं. नोकरीचं, पुष्पाचं, इतक्या वर्षांच्या कष्टाचं काहीही सांगता आलं असतं, आणि आबांनी ते मानूनही घेतलं असतं.

"मला सही पाहिजे होती, आबा," तो म्हणाला.

आबांनी मान हलवली. ते रागावले असते तर त्याला बरं वाटलं असतं. बस आली, माणसं खिडक्यांतून रुमाल टाकायला धावली. रुपचंदनं आबांना हाताला धरून वर चढवलं, एका पोराला उठवून त्यांना जागा करून दिली आणि स्वतः दांडीला धरून उभा राहिला. प्रबंध गेला होता, जागा जाणार होती, हे त्याला आता नीट दिसत होतं. पण त्याला भीती वाटत होती ती दुसऱ्याच गोष्टीची. सर फाटकातून हाक मारून म्हणाले असते, की या परत, बघू काही करता येतं का, तर आपण आबांना तसंच फिरवून परत नेलं असतं आणि पुन्हा एकदा वाकू दिलं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.